‘बुटलेगर’ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ

परवा रात्री बाबांसोबत ‘लिव्ह बाय नाइट’ पाहिला. २०१६चा चित्रपट, डेनिस लेहेनच्या २०१२च्या कादंबरीवरचा. दिग्दर्शक बेन ॲफ्लेक आणि नायकही तोच. अमेरिकेतल्या दारूबंदीचा काळ, बोस्टनच्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा पहिल्या महायुद्धातून परततो, गुन्हेगारीत शिरतो, तुरुंगात जातो आणि सुटल्यावर फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात रमचा धंदा उभा करतो. मला गुन्हेपट मनापासून आवडतात, त्यामुळे दोन तासांहून जास्त वेळ मी आशेवर बसून राहिले. चित्रपट देखणा आहे. टोप्या, मोटारी, संध्याकाळचा उजेड, सगळं जिथल्या तिथे. पण तो मनात उतरत नाही.

बाबा राज्य उत्पादन शुल्क खात्यातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत. निम्मा चित्रपट झाल्यावर त्यांनी विचारलं, “हा माणूस नेमकं करतो काय गं?”

“बुटलेगर आहे, बाबा. बेकायदा दारूवाला.”

“म्हणजे हातभट्टीवाला. पण भट्टी कुठे दिसली नाही. गाळतो, वाहतो, की विकतो?”

मला उत्तर देता आलं नाही. एका मासिकासाठी या चित्रपटावर लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्यात अडकले आहे. “अमेरिकेतल्या हातभट्टीवाल्याची गोष्ट” असं लिहिलं की डोळ्यांसमोर ओढ्याकाठचे पत्र्याचे डबे आणि धूर येतो. हा तर सूट घालून वाटाघाटी करणारा माणूस आहे. “दारू तस्कर” वर्तमानपत्री वाटतं. “अवैध मद्यविक्रेता” म्हटलं तर सरकारी पत्र वाचल्यासारखं होतं. नुसतं “बुटलेगर” ठेवलं तर मराठीत लिहून उपयोग काय, असं वाटतं.

तुमच्याकडे काय म्हणतात? ‘स्पीकइझी’ (चोरून दारू पाजणारी जागा) आणि ‘मूनशाइन’ (घरी चोरून गाळलेली दारू) यांनाही शब्द हवे आहेत.

पांढरकवडा

ताई, आधी एक अडचण सांगतो. तुमच्याकडे भट्टी म्हणजे दारू गाळायची जागा. आमच्या विदर्भात सरकारी परवान्याच्या देशी दारूच्या दुकानालाच लोक भट्टी म्हणतात. “भट्टीवर गेला” म्हणजे प्यायला गेला, गाळायला नाही. त्यामुळे ‘हातभट्टीवाला’मधला ‘हात’ आमच्यासाठी फार महत्त्वाचा. तो काढला तर माणूस परवानाधारक होतो.

गाळणाऱ्यांचे शब्द वेगळेच आहेत. मोहफुलं भिजवून आंबवायला ठेवतात, त्याला आमच्याकडे सडवा म्हणतात. “इतके लिटर मोहासडवा नष्ट” ही बातमी आम्ही लहानपणापासून वाचतो. तुमच्या बाजूला त्यालाच ‘रसायन’ म्हणतात ना? गूळ आणि नवसागराचं? मला तो शब्द फार परका वाटतो, प्रयोगशाळेतला. सडवा म्हटलं की वास येतो.

वर्धा जिल्ह्यात १९७५पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३पासून. चंद्रपुरात २०१५ला आली आणि २०२१ला उठली. त्यामुळे ‘दारूबंदीच्या काळातला चित्रपट’ म्हटलं की आमच्याकडचा वाचक विचारेल, कुठल्या काळातला? इथे तो काळ संपलेला नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडून पेट्या आणणारा माणूस आम्ही पाहिलेला आहे. तो गाळत नाही. त्याला ‘दारू आणणारा’ म्हणतात, एवढंच. गावात कोणाला त्यापेक्षा मोठा शब्द लागत नाही.

कृष्णाकाठ

सडवा! वहीत लिहून ठेवला. हो, इकडे ‘कच्चं रसायन’ म्हणतात. बाबांच्या पंचनाम्यांमध्ये दर ओळीला तोच शब्द असायचा.

‘दारू आणणारा’वर विचार करतेय. बुटलेगर या शब्दाच्या मुळाशीही आणणंच आहे. बुटाचा घोट्याच्या वरचा उंच भाग, त्यात चपटी बाटली खोचायची आणि विकायला न्यायची. अमेरिकेत हा शब्द देशव्यापी दारूबंदीच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रुळला होता. म्हणजे मूळ बुटलेगर हा एका बाटलीचा माणूस. नंतर जहाजं आणि ट्रकांचे ताफे बाळगणाऱ्यालाही तेच नाव मिळालं.

माहीमची खाडी

मुंबईचा शब्द सांगते. स्पीकइझी म्हणजे आंटीचा अड्डा. यापेक्षा चपखल काही मिळणार नाही. मोरारजी देसाईंच्या वेळची दारूबंदी, १९४९चा कायदा, आणि मग वाड्या-चाळींमधल्या ख्रिस्ती बायकांनी स्वतःच्या घरातच चार बाकडी टाकून चालवलेले अड्डे. यातल्या कित्येक गोव्याकडच्या. कुणाचा नवरा बोटीवर, कुणाचा गेलेला. गिऱ्हाईक आत येताना आवाज चढवत नसे, कारण शेजारी माणसं राहत होती. इंग्रजी शब्दातही तेच सांगितलंय, हळू बोला.

माझ्या आजीच्या वाडीत असा अड्डा होता. दारू यायची ती टायरच्या ट्यूबमधून. ट्यूब अंगाभोवती गुंडाळून वर सैल कपडे घालून बायका लोकलमधून आणत. आजी त्यांना बुटलेगर म्हणत नसे. “ट्यूबवाल्या” म्हणायची. बुटाऐवजी ट्यूब, एवढाच फरक आहे बघ.

आणि ‘गुत्ता’ वापरू नकोस. तो मोठा होतो. गुत्त्याला पाटी असते.

बेळगावकर

माहीमच्या ताईंनी गुत्त्याबद्दल जे म्हटलं ते अगदी बरोबर आहे आणि त्याला भाषेचा आधारही आहे. कानडीत गुत्तिगे म्हणजे ठेका, मक्ता. मराठीतही जुना अर्थ तोच. सरकार दारूविक्रीचा मक्ता लिलावाने देत असे, तो घेणारा गुत्तेदार, आणि त्याचं दुकान तो गुत्ता. आमच्या सीमाभागात आजही रस्त्याचं काम घेणाऱ्या कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात, त्याचा दारूशी काही संबंध नसतो. म्हणजे मुळात गुत्ता हा पूर्णपणे कायदेशीर शब्द आहे. पुढे जागेची जी अपकीर्ती झाली ती शब्दाला चिकटली. ‘बेकायदा गुत्ता’ असं हल्ली सर्रास लिहितात. ज्याला मूळ माहीत आहे त्याच्या कानाला ते ‘परवान्याविना परवाना’ असं ऐकू येतं.

‘परमिट रूम’ची कथाही तशीच. मुंबईच्या कायद्यात स्वतः पिणाऱ्यालाही परवाना लागतो, अजूनही. परवाना असलेल्याने जिथे बसून प्यायची ती परमिट रूम. आज पाटी तीच आहे, परवाना विचारणारा सहसा कोणी नाही.

इथेच अमेरिकेचा आणि आपला मोठा फरक आहे आणि ‘दारूबंदी’ हा शब्द तो झाकून टाकतो. त्यांच्या अठराव्या घटनादुरुस्तीने दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं आणि देशात आणणं-पाठवणं बंद केलं. पिण्यावर बंदी नव्हती. १७ जानेवारी १९२०ला अंमल सुरू झाला, त्याआधी ज्यांनी घरात साठा करून ठेवला ते घरी बसून कायदेशीरपणे पीत होते. ५ डिसेंबर १९३३ला बंदी उठली. मराठी वाचक ‘दारूबंदी’ वाचून समजतो की पिणारा प्रत्येक जण गुन्हेगार. परीक्षणात हे एका वाक्यात तरी सांगा, नाहीतर चित्रपटातले पोलीस इतके निवांत का, हे त्याला कळणार नाही.

कृष्णाकाठ

काका, हे वाक्य नक्की घालते.

यावरून बोस्टनचा एक शब्द आठवला, चित्रपटाची सुरुवात तिथलीच आहे म्हणून. १९२४च्या जानेवारीत तिथे एका स्पर्धेचा निकाल लागला. बंदी झुगारून पिणाऱ्याला लाज वाटेल असा नवा शब्द सुचवा, बक्षीस २०० डॉलर. पंचवीस हजारांहून जास्त शब्द आले आणि ‘स्कॉफलॉ’ जिंकला. कायद्याची टर उडवणारा, असा त्याचा अर्थ. दोघांनी स्वतंत्रपणे तोच सुचवला होता, म्हणून बक्षीस वाटून दिलं. आपल्याकडे ‘न जुमानणारा’ आहे, पण त्यात पुरेशी लाज नाही. उलट थोडं कौतुकच आहे.

रत्नांग्री

मूनशाइनबद्दल लिहितो. ‘चांदणी दारू’ असलं काही करू नये अशी विनंती. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात मूनशाइन म्हणजे केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर रात्री चोरून उतरवलेली ब्रँडी. गाळण्याशी संबंध नव्हता, चोरून आणण्याशी होता. अमेरिकेच्या डोंगराळ भागात गेल्यावर तो घरी गाळलेल्या दारूला लागला. म्हणजे मूनशाइनचा प्रवास आणण्याकडून गाळण्याकडे झाला. आपला ‘हातभट्टीवाला’ बरोबर उलट्या दिशेने निघालाय, गाळण्याकडून आणण्या-विकण्याकडे.

‘पहिल्या धारेची’ मात्र जपून वापरा. आपल्याकडे ती कौतुकाची खूण आहे. पण जाणकार गाळणारा अगदी सुरुवातीचा थोडा भाग टाकून देतो, तो पिण्याजोगा नसतो. शेजारी गोव्यात तर पहिल्यांदा गाळलेल्या काजूच्या रसाला नावच वेगळं आहे, उर्राक. ती पुन्हा गाळल्यावर फेणी. एकेका टप्प्याला एकेक शब्द, कारण तिथे हे काम उघड्यावर चालतं. चोरून करायच्या कामाला इतके शब्द फुटत नाहीत.

टॅम्पाकर

मी चौदा वर्षं टॅम्पात राहतोय, म्हणून या चर्चेत राहवलं नाही. तो चित्रपट आला तेव्हा आम्ही सगळे उत्सुक होतो, कारण गोष्ट यबोर सिटीची. १८८०च्या दशकात सिगारच्या कारखान्यांभोवती वसलेली वस्ती, क्यूबन, स्पॅनिश आणि सिसिलीकडचे इटालियन कामगार. पडद्यावर दिसतं ते यबोर मात्र बऱ्याच अंशी जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक गावात उभारलं होतं. त्याची तक्रार नाही, चित्रपट असेच बनतात. तक्रार ही आहे की त्या वस्तीचा आवाज ऐकू येत नाही.

इथे कारखान्यांमध्ये ‘लेक्तोर’ असायचा. उंच चौथऱ्यावर बसून सिगार वळणाऱ्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारा माणूस. त्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. १९३१मध्ये मालकांनी ती प्रथा बंद केली. याला मराठीत काय म्हणाल? ‘वाचक’ म्हणजे आज स्वतःसाठी वाचणारा. मला आमच्या गावचे पोथी सांगणारे बुवा आठवतात, पण तेही पूर्ण बसत नाही, कारण हा तर संपाच्या बातम्याही वाचायचा.

दुसरा शब्द ‘बोलिता’. स्पॅनिशमध्ये छोटा गोळा. पिशवीत शंभर आकड्यांचे गोळे, एक बाहेर काढायचा, त्यावर पैसे. टॅम्पातली गुन्हेगारी जितकी दारूवर तितकीच यावर पोसली गेली. याला मी डोळे झाकून ‘मटका’ म्हणेन. तिथे गोळ्यावरून नाव, आपल्याकडे मडक्यावरून. आकडा काढायच्या साधनाचंच नाव जुगाराला पडलं, दोन्हीकडे.

आणि एक सुधारणा. मूळ लेखात “रमचा धंदा” एवढंच आहे. त्यात धंद्याचा गाभा आहे तो कच्च्या मालाचा. क्यूबाकडून येणारी काकवी ज्याच्या ताब्यात, त्याची रम. नायक त्यासाठीच वाटाघाटी करतो.

कृष्णाकाठ

टॅम्पाकर दादा, मनापासून आभार. तुमचं वाचून बाबांचा प्रश्न मला नव्याने कळला. कच्चा माल कोणाचा, गाळतं कोण, वाहतं कोण, हप्ता कोणाला, हे चित्रपटात वाक्यावाक्यांत उरकलं जातं. मग येते प्रेमकथा, मग कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची संघटना, मग जुगारघराची योजना, मग प्रवचनं करून ती योजना मोडणारी पोलीसप्रमुखाची मुलगी. त्या मुलीचा भाग मला खरोखर भिडला. एल फॅनिंग बोलायला लागली की चित्रपट जागा होतो. पण प्रत्येक गोष्ट सुरू होते आणि पुढचीला जागा करून देते. धंदा समजला असता तर त्या मुलीने नेमकं काय मोडलं ते समजलं असतं. सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाला त्याच्या निम्मंही तिकीटबारीवर मिळालं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण गोष्ट चांगली होती.

पांढरकवडा

ताई, एक वेगळीच गोष्ट सापडली. आमच्याकडे “एमपीडीएखाली स्थानबद्ध” अशा बातम्या येतात. धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या त्या १९८१च्या कायद्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, त्यात ‘स्लमलॉर्ड्स’ आणि ‘बुटलेगर्स’ दोन्ही आहेत. मराठी नावात त्यांना काय म्हटलंय माहीत आहे? ‘झोपडपट्टीदादा’ आणि ‘हातभट्टीवाले’.

म्हणजे तुमच्या बाबांचा शब्द सरकारी आहे.

बेळगावकर

वा! आणि त्याच कायद्यातली व्याख्या पाहा. गाळणारा, बनवणारा, साठवणारा, वाहून नेणारा, आणणारा, पाठवणारा, विकणारा, वाटणारा, शिवाय या कामासाठी पैसा पुरवणारा किंवा जनावर, वाहन, होडी देणारासुद्धा. ज्याने आयुष्यात भट्टी पाहिली नाही, नुसती बैलगाडी दिली, तोही कायद्याने हातभट्टीवाला. व्याख्या समुद्राएवढी आणि शब्द ओंजळीएवढा. भाषांतर करणाऱ्यापुढे तेव्हा कृष्णाकाठताईंचाच पेच असणार. त्याने लोकांच्या तोंडी असलेला शब्द उचलला. मला तो निर्णय पटतो. ‘अवैध मद्य व्यावसायिक’ लिहिलं असतं तर आज कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. ‘झोपडपट्टीदादा’ तर अस्सलच, त्यातला दादा कुठल्याही कोशातून आलेला नाही.

माहीमची खाडी

पटतं, पण कायद्याला चालतं ते परीक्षणाला चालेलच असं नाही. आणि गुजरातीत पाहा. तिथे तोच १९४९चा मुंबई कायदा पुढे चालू राहिला, बंदी कधी उठलीच नाही, आणि ‘बुटलेगर’ हा रोजच्या वर्तमानपत्रातला साधा गुजराती शब्द होऊन बसला. सुरतेची माझी मैत्रीण तो इंग्रजी आहे हे विसरून बोलते. आपल्याकडे बंदी सैल झाली आणि शब्द रुजायच्या आत गरज संपली.

कृष्णाकाठ

मी बाबांना कायद्याचं नाव वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मग? मी काय वेगळं सांगत होतो?” पण नंतर स्वतःच म्हणाले की दारूबंदी कायद्याच्या ६५व्या कलमात आणणं, बनवणं, भट्टी चालवणं, बाटल्या भरणं, विकणं याला निरनिराळी पोटकलमं आहेत. “माणूस पकडला की आधी ठरवायचं, याने यातलं काय केलं. ते ठरलं नाही तर केस उभी राहत नाही.”

चित्रपटाबद्दल मला इतकं नेमकं लिहिता आलं नव्हतं.

आता शेवटचा प्रश्न. नायक स्वतःला ‘गँगस्टर’ म्हणवून घ्यायला तयार नाही, तो ‘आउटलॉ’ म्हणवतो. कोणाचा हुकूम मानायचा नाही म्हणून तो या वाटेला आला आणि शेवटी टोळीचा माणूस झालाच. सगळी गोष्ट या दोन शब्दांमधल्या अंतराची आहे. गँगस्टरला ‘गुंड’ चालेल. आउटलॉला?

बेळगावकर

पुंड.

जुन्या मराठीतला शब्द. सत्ता न मानणारा, बंड करून उठलेला, हाताशी चार माणसं घेऊन मुलूख त्रस्त करणारा. त्याच्या वागण्याला पुंडाई, पुंडावा. गुंड कोणाच्या तरी पदरी असू शकतो, पैसे घेऊन काम करू शकतो. पुंड कोणाच्या पदरी नसतो. आज आपण ‘गुंडपुंड’ असा जोडशब्द बोलून दोघांना एकाच पोत्यात भरतो, पण ते दोन वेगळे लोक होते.

कृष्णाकाठ

काका, हे वाचून मी उठून उभी राहिले. तीन दिवस मी बुटलेगरच्या मागे होते आणि परीक्षण या शब्दात होतं.

पहिला परिच्छेद असा लिहिलाय, पाहा :

“पुंड म्हणून घराबाहेर पडलेला माणूस गुंड कसा होतो, ही ‘लिव्ह बाय नाइट’ची गोष्ट आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारू बनवायला, विकायला आणि वाहून न्यायला बंदी होती, प्यायला नव्हती. या फटीत जो चोरट्या दारूचा व्यापार वाढला, त्यात बोस्टनचा नायक जो कॉफलिन टॅम्पाला येऊन रमचा मोठा व्यापारी होतो. क्यूबाची काकवी, सिगार वळणाऱ्यांची वस्ती, पोलीस, पाद्री, सगळे त्या धंद्याच्या आसपास आहेत. तो धंदा चालतो कसा, हे मात्र चित्रपट आपल्याला पाहू देत नाही.”

बुटलेगर शब्द आलाच नाही. ‘चोरट्या दारूचा व्यापारी’ एकदा, पुढे नुसतं ‘व्यापारी’. हातभट्टीवाला मी बाबांच्या तोंडी ठेवलाय, त्यांच्या प्रश्नासकट.

रत्नांग्री

फार छान. फक्त ‘काकवी’ बदला. काकवी म्हणजे गुळाच्या आधीचा दाट रस, गुऱ्हाळावरचा, भाकरीशी खायचा. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरते ती मळी, आणि रम बहुतेक तिचीच होते. बोस्टनमध्ये १५ जानेवारी १९१९ला अल्कोहोल बनवणाऱ्या कंपनीची मळीची प्रचंड टाकी फुटली, रस्त्यांवर लोंढा आला आणि २१ माणसं मेली. दुसऱ्याच दिवशी दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला हवी तेवढ्या राज्यांची मंजुरी पूर्ण झाली. तुमच्या नायकाच्या गावातली घटना आहे. तिथे ‘काकवीचा लोंढा’ लिहून बघा, कसं वाटतं ते.

टॅम्पाकर

चूक माझी. घरात काकवीच म्हणतो आम्ही, इथल्या बाटलीवरचं नाव वाचून. मळीच बरोबर.

कृष्णाकाठ

बदलली. बाबाही म्हणाले, मळी. आमच्या गावाजवळच्या साखर कारखान्याबाहेर तिचा वास येतो, तोच असणार म्हणाले टॅम्पाला.